गळा दरबाराचा, पोट वृत्तीचं

बर्गंडीचा (आजच्या फ्रान्स-बेल्जियमच्या भागातल्या राज्याचा) ड्यूक चार्ल्स द बोल्ड याने १४६९ मध्ये आपल्या दरबारी चॅपलचे नियम लिहून घेतले. चॅपल म्हणजे इथे इमारत नव्हे. राजाबरोबर गावोगाव फिरणारा, त्याच्यासाठी रोज उपासना गाणारा माणसांचा ताफा म्हणजे चॅपल. या ताफ्यात २५ जण होते: १३ चॅप्लेन, ६ क्लर्क, ५ सॉमेलिए आणि मुक्कामाची सोय बघणारा एक फूरिए. पुस्तकातलं बहुस्वरी गाणं, म्हणजे पॉलिफनी, गाताना किमान किती आवाज हवेत तेही लिहून ठेवलं होतं: उंच आवाजाचे ६, टेनर (मूळ चाल धरणारे) ३, खर्जाचे ३ आणि मधल्या आवाजाचे २. एकूण १४. त्या दिवशी वेदीपाशी मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती लोकांची मुख्य उपासना, चालवणारे चॅप्लेन यात धरलेले नाहीत, पण काम नसेल तेव्हा त्यांनीही येऊन गळा मिळवायचा असा हुकूम होता.

पंधराव्या शतकातल्या गायक-चॅप्लेनची नोकरी समजून घ्यायला हा तक्ता मला सगळ्यात उपयोगी वाटतो. उंच आवाज सहा आणि खर्ज तीनच, हे प्रमाण बघा. वरचा स्वर बहुतेक मोठ्या वयाचे पुरुषच फॉल्सेटोत, म्हणजे मुद्दाम बारीक केलेल्या आवाजात, लावत. तो बारीक असतो, म्हणून माणसं दुप्पट. मधल्या स्वराला दोघंच, कारण तो स्वर भराव घालतो आणि फार झाला तर टेनर झाकून टाकतो. नियम लिहिणाऱ्याने कानाने ऐकून लिहिलेत, कागदावर समान वाटणी करून नाही.

पदांची उतरंडही याच तक्त्यात दिसते. सॉमेलिए वेदी मांडतो, मेणबत्त्या आणि धूप बघतो, वस्त्रं आणि भांडी सांभाळतो. क्लर्क गातो आणि वरच्या जागेची वाट बघतो. चॅप्लेन सगळ्यात वर, आणि त्यांच्यावर पहिला चॅप्लेन. खालचा माणूस आवाज आणि वागणूक दाखवून वर सरकायचा. आंत्वान ब्युन्वा याच दरबारात आधी साधा गायक होता, मग अर्धा चॅप्लेन झाला आणि नंतर पुरा. चॅप्लेन म्हणजे दीक्षित धर्मगुरूच असला पाहिजे असं मात्र नव्हतं. जिल बँश्वा बर्गंडीच्या चॅपलमध्ये पाव शतक गायला आणि उपडीकन या धर्मगुरूच्या खालच्या पायरीपुढे गेला नाही.

सुरुवात वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी. कांब्रे, ब्रुझ, सँ-काँतँ अशा ठिकाणच्या मोठ्या चर्चना गाणाऱ्या मुलांची शाळा जोडलेली असे. मुलं मोजकी, सहा ते दहाच्या आसपास. ती गुरूच्या घरी राहत. जेवण, कपडे, औषधपाणी आणि गाणं हे सगळं गुरूच्या माथी, आणि खर्चाचा हिशेब चर्चच्या मंडळाला द्यायचा. ही जबाबदारी हलकी नव्हती. याकोब ओब्रेख्तसारखा अव्वल रचनाकार १४८४-८५ मध्ये कांब्रेला मुलांचा गुरू होता. मुलांची आबाळ आणि हिशेबातली तूट या कारणांवरून वर्षभरातच त्याला जावं लागलं. उत्तम रचना करणारा उत्तम गृहप्रमुख असेलच असं नाही, आणि चर्चचं मंडळ दोन्ही मागायचं.

मुलं शिकायची ती आधी डाव्या हाताच्या पंजावर. बोटांची पेरं आणि टोकं यांवर २० स्वरस्थानं बसवलेली असत. ग्विदोचा हात म्हणतात तो हाच. स्वरांची नावं सहाच: उत, रे, मी, फा, सोल, ला. हा सहा स्वरांचा गट तीन ठिकाणांहून सुरू होतो, सी, एफ आणि जी वरून, आणि पूर्ण पल्ल्यात असे सात गट एकमेकांवर चढलेले असतात. चाल सहाच्या बाहेर गेली की एका गटातून दुसऱ्यात उडी मारायची. स्वर तोच, नाव नवं. अर्धा स्वर नेहमी मी आणि फा यांच्यामध्येच येतो, म्हणून उडी चुकली की अर्धा स्वर भलत्या जागी पडतो आणि पुढची ओळच्या ओळ बेसूर होते. मुलाने हे इतकं घोटायचं की डोळ्याला खूण दिसताच तोंडातून नाव बाहेर पडलं पाहिजे. याच्या जोडीला प्लेनचांटचा, म्हणजे एकाच सुरावटीतल्या चर्चच्या गीतांचा, वर्षभराचा सगळा साठा पाठ, लॅटिन व्याकरण आणि पंधराव्या वर्षाच्या आतच तालाच्या खुणांचं वाचन.

आवाज फुटला की वाट दुभंगायची. बरा गळा असलेल्याला त्याच चर्चमध्ये छोट्या व्हिकारची जागा मिळे: ज्या धर्मपंडिताची जागा असे तो गैरहजर राहायचा आणि त्याच्या वतीने हा गायचा. हुशार मुलाला काही वर्षं विद्यापीठात पाठवत. या विद्यापीठाच्या वर्षांना लोक फार कमी महत्त्व देतात असं मला वाटतं. रचनाकार गिलॉम ड्युफे १४०९ मध्ये कांब्रेला गाणारा मुलगा म्हणून लागला, आणि पुढे त्याच्या नावापुढे कॅनन लॉची, म्हणजे चर्चच्या कायद्याची, पदवीही आली. ती पदवी संगीताला कुठेच लागत नाही. ती कशाला लागते ते खाली येईल.

आता कामाच्या जागी काय होतं ते बघू. एक मोठं, जाडजूड पुस्तक उंच तिरक्या स्टँडवर उघडलेलं असतं आणि दहा-बारा माणसं त्याच्याभोवती उभी असतात. सगळे एकाच पुस्तकातून गातात. डाव्या पानावर वरच्या बाजूला सुपेरियस (सगळ्यात उंच आवाज), त्याच्याखाली टेनर. उजव्या पानावर वर कॉन्ट्रा (मधला आवाज), खाली बासुस (खर्ज). चारही आवाज वेगवेगळ्या जागी लिहिलेले, म्हणजे आपला भाग गाणाऱ्याला शेजाऱ्याचा भाग खालोखाल दिसत नाही. मात्रांचे विभाग पाडणाऱ्या उभ्या रेघा नाहीत. हाताची एकसारखी खाली-वर होणारी हालचाल, टॅक्टस, तेवढाच आधार. पान उलटायची वेळ चौघांची एकच यायला हवी, म्हणून नक्कल करणाऱ्याला आधीच मोजून घ्यावं लागे. टेनरचे स्वर लांब, त्याला जागा कमी लागते. सुपेरियसचे स्वर बारीक, त्याची पानं भराभर भरतात. हा हिशेब ज्याला जमतो त्याची पुस्तकं गाण्यायोग्य. पेट्रुस अलामिरेच्या कार्यशाळेतून हाब्सबुर्ग-बर्गंडी दरबारासाठी निघालेली पुस्तकं या बाबतीत आदर्श आहेत, आणि ती इतकी देखणी असत की परक्या राजांना नजराणा म्हणून जात.

चुका होतात त्या बहुतेक ठरलेल्या जागीच. पहिली जागा तालाची खूण. ओळीच्या सुरुवातीला पूर्ण वर्तुळ असेल तर एका ब्रेव्हमध्ये (लांब स्वराची खूण) तीन सेमीब्रेव्ह (त्याहून छोट्या स्वराची खूण). अर्धवर्तुळ असेल तर दोन. पूर्ण वर्तुळातही ब्रेव्ह नेहमी तिनाची नसते. तिच्यानंतर एकच सेमीब्रेव्ह आली तर ती ब्रेव्हचा तिसरा भाग खाते आणि ब्रेव्ह दोनाची उरते. ब्रेव्हपुढे ब्रेव्हच आली तर पहिली हमखास तिनाची. दोन ब्रेव्हच्या मध्ये दोन सेमीब्रेव्ह असतील तर दुसरी दुप्पट होते. म्हणजे स्वराची लांबी त्याच्या आकारावरून कळत नाही, शेजाऱ्यांवरून कळते. डोळा नेहमी दोन-तीन खुणा पुढे हवा. अर्धवर्तुळातली गाणी गायची सवय असलेला नवखा माणूस वर्तुळातली ब्रेव्ह दोनाची धरतो आणि प्रत्येक ब्रेव्हला एक सेमीब्रेव्ह लवकर येतो. चार ब्रेव्ह झाल्या की तो इतका पुढे गेलेला असतो की परत जुळवणं अशक्य. गप्प बसून पुढच्या ओळखीच्या जागी शिरायचं, एवढंच हातात राहतं.

दुसरी जागा जोडस्वरांची. दोन-तीन स्वर एकाच आकृतीत जोडलेले असतात. आकृतीच्या डाव्या अंगाला वर जाणारी दांडी असेल तर पहिले दोन स्वर सेमीब्रेव्ह. ही दांडी दिसली नाही तर लांबी दुप्पट किंवा त्याहून जास्त होते. जोडाला सहसा एकच अक्षर द्यायचं. मिस्साच्या पुस्तकात बऱ्याचदा शब्द सुरुवातीलाच लिहून सोडलेले असतात, पुढचं गाणाऱ्याने बसवायचं. सुपेरियसचे सहा जण सहा ठिकाणी अक्षर बदलायला लागले की बारीक आवाजांचा चिखल होतो. म्हणून तालमीत सुरांपेक्षा अक्षरांवरच जास्त वेळ जात असणार असं मला ठाम वाटतं.

तिसरी जागा न लिहिलेल्या कोमल-तीव्र स्वरांची. तुकडा संपताना सुपेरियस आणि टेनर यांच्यातलं सहा स्वरांचं अंतर उघडून आठ स्वरांचं होतं, आणि त्या आधीचा सहा मोठा, म्हणजे अर्ध्या स्वराने रुंद, हवा, म्हणून वरच्याने आपला स्वर अर्ध्याने चढवायचा. हे लिहिलेलं नसतं. चढवणं हीच रीत. पण टेनरच जर अर्ध्या स्वराने खाली येणार असेल तर सहा आधीच मोठा आहे, आणि वरच्याने सवयीने स्वर चढवला की कानाला टोचणारं अंतर तयार होतं. वरच्याला टेनर दिसत नाही, फक्त ऐकू येतो. अनुभवी गाणारा टेनरचा उतार ऐकून ठरवतो. तो कान यायला वर्षं लागतात, आणि दरबार पैसे मोजत होते ते याच कानाचे. सुंदर आवाजाची मुलं फ्लँडर्सभर होती.

टेनरचं काम कागदावर सगळ्यात सोपं दिसतं, आणि मला ते सगळ्यात जोखमीचं वाटतं. त्याच्याकडे लांब स्वर आणि लांब विराम. कधी त्याची ओळ एकदाच लिहून, पुढच्या वेळी दुप्पट लांबीने गा, अशी सूचना वर दिलेली असते. विराम एकाने चुकला तर बाकीचे तिघे त्याच्यावर टेकलेले असल्याने अख्खी इमारत हलते. योहानेस ओकेगेमने एका मिस्सात तर दोनच ओळींतून चार आवाज काढले: एकाच ओळीपुढे दोन वेगळ्या तालखुणा, आणि दोघे गाणारे तीच ओळ दोन वेगळ्या वेगांनी वाचतात. असलं गाणं समोर येणारा माणूस नुसता आवाजाचा असून भागत नाही.

शिवाय सगळं गाणं पुस्तकात नव्हतंच. रोजच्या उपासनेत टेनर प्लेनचांट गाणार आणि बाकीचे त्यावर जागच्या जागी सुरावट रचणार, ही सर्रास अपेक्षा. नेपल्सच्या राजाच्या सेवेत असलेल्या योहानेस टिंक्टोरिसने १४७७ मध्ये याचा नियम नेमका सांगितला. लिहिलेल्या रचनेत प्रत्येक आवाजाने बाकीच्या सगळ्यांशी जुळायला हवं; पुस्तकावरून रचताना प्रत्येकाने टेनरशी जुळलं तरी पुरे. मात्र गाणाऱ्यांनी आपसात थोडं आधी ठरवून घेतलं तर ते स्तुत्यच, असंही तो म्हणतो. यावरून न ठरवता गायलं की काय ऐकू येत असेल याची कल्पना येते.

बर्गंडीत रोज एक गायलेली मोठी मिस्सा, संध्याकाळी व्हेस्पर्स आणि मग कंप्लीन या उपासना. मोठ्या सणांना पहाटेची मॅटिन्सही. पगार रोजावर. दरबारातल्या हजर माणसांची यादी रोज लिहिली जाई आणि तिच्यात नाव असेल तर त्या दिवसाचे पैसे. पोपच्या चॅपलमध्ये गैरहजेरी आणि दंड टिपायला गायकांमधलाच एक पुंतातोरे असे. १५३५ पासूनच्या या नोंदवह्या आजही वाचता येतात. दरबार हलला की चॅपल हलतं. पुस्तकं, वस्त्रं, वेदीचं सामान गाड्यांवर चढतं, फूरिए पुढे जाऊन घरं ठरवतो.

नोकरी मिळायची कशी? पोपच्या चॅपलची १५४५ ची नियमावली हे स्पष्ट सांगते. उमेदवाराचं चालचलन चांगलं हवं. मग परीक्षा: आवाज कसा आहे, बहुस्वरी गाण्यात इतरांशी जुळवून गातो का, प्लेनचांट येतं का, त्यावर सुरावट रचता येते का, वाचन कसं आहे. नंतर आतल्या गायकांचं गुप्त मतदान. पोपने परस्पर हुकूम केला तर परीक्षा टळे, आणि आतल्यांना ते अजिबात रुचत नसे. रचनाकार पालेस्त्रिना १५५५ च्या जानेवारीत असाच, परीक्षेशिवाय आत आला. त्याच वर्षी पोप बदलले, नव्या पोपने लग्न झालेल्या गायकांना काढायचं ठरवलं, आणि तो काही महिन्यांतच बाहेर पडला.

इटलीच्या दरबारांत मात्र परीक्षेपेक्षा पत्रं आणि माणसं जास्त फिरत. मिलानचा ड्यूक गालेआत्सो मारिया स्फोर्त्साने १४७० च्या दशकात चॅपल उभं केलं ते थेट उत्तरेत माणसं पाठवून. त्याचा गायक गास्पार व्हान वेर्बेके माणसं गोळा करायला आपल्याच मुलखात परत गेला. १४८७ मध्ये नेपल्सच्या फेरान्तेने टिंक्टोरिसलाही अशाच कामावर आल्प्सपलीकडे धाडलं. फेराराच्या एर्कोले द एस्तेला १५०२ च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या हस्तकाने लिहिलेलं पत्र प्रसिद्धच आहे. हाइन्रिख इझाक घ्यावा, असं तो सांगतो: तो मनमिळाऊ आहे, नवं लवकर लिहितो, १२० डुकाटवर (डुकाट म्हणजे सोन्याचं नाणं) येईल. जोस्कँ दे प्रे रचना सरस करतो हे खरं, पण त्याच्या मनात येईल तेव्हाच करतो आणि मागतो २०० डुकाट. एर्कोलेने जोस्कँला घेतलं. त्याच सुमाराच्या थोडं आधी पोपचा गायक महिन्याला ८ डुकाट, म्हणजे वर्षाला ९६ मिळवत होता. जोस्कँची मागणी त्याच्या दुपटीहून जास्त होती, ती का ठसठशीत वाटली असेल ते यावरून कळतं.

रोख पगार हा मात्र अर्धाच भाग, आणि तोही बेभरवशाचा. राजा मोहिमेवर गेला, खजिना रिता झाला की रोज थकत. म्हातारपणाची तरतूद त्यात नाहीच. गायकाचा खरा डोळा बेनिफिसवर असे. बेनिफिस म्हणजे चर्चच्या एखाद्या पदाशी कायमची जोडलेली वृत्ती: जमिनीचा खंड, धान्यातला दशमांश, घरभाडं. पद एकदा कायदेशीर हातात आलं की मरेपर्यंत तुमचं. राजा रागावला म्हणून जात नाही. म्हणूनच राजांनाही ते फार सोयीचं. गायक आपला, पैसे चर्चचे. आवाजाने माणूस दरबारात शिरायचा, पण त्याचं आयुष्य कसं जाणार हे रोममधल्या कागदांवर ठरायचं. ही कागदी बाजू बाजूला ठेवून या रचनाकारांची चरित्रं लिहिली जातात तेव्हा त्यांच्या सगळ्या हालचाली लहरी वाटू लागतात. एका गावातून दुसऱ्या गावात का गेला, मध्येच परत का आला, याचं उत्तर पुष्कळदा एखाद्या रिकाम्या झालेल्या प्रेबेंडमध्ये, म्हणजे मोठ्या चर्चच्या मंडळातल्या जागेच्या वृत्तीत, असतं.

वाट अशी होती. आधी डोक्याचा माथा भादरून घेऊन धर्मसेवकांत नाव घालायचं. हे सातव्या वर्षापासून चालतं. एवढ्यावर साधी वृत्ती मिळू शकते. पुढच्या पायऱ्यांना वयाची अट: उपडीकन अठराव्या वर्षात, डीकन विसाव्यात, धर्मगुरू पंचविसाव्यात. उपडीकन झालं की लग्नाचा रस्ता कायमचा बंद. त्याआधी लग्न केलं तर वृत्ती जाते. जन्म विवाहबाह्य असेल तर वेगळी सूट मागावी लागे. ड्युफेचा जन्म तसाच होता आणि त्याची वाट त्यामुळे अडली नाही, कारण अशा सवलती रोममध्ये मिळत. ज्या पदात लोकांच्या आत्म्यांची काळजी आहे, म्हणजे गावचं चर्च, अशी दोन पदं एकाला धरता येत नाहीत. धरायची तर पुन्हा सूट.

मग अर्ज. अर्जात आपण कोण, कुणाचे सेवक, हातात आधी कोणत्या वृत्त्या आहेत आणि त्यांचं वार्षिक उत्पन्न किती, हे सगळं लिहायचं. जुनी वृत्ती सांगायची राहिली तर मिळालेली मंजुरी पुढे कुणीही फोल ठरवू शकतो. पोपची मंजुरी म्हणजे ‘फियात उत पेतितुर’, मागितल्याप्रमाणे व्हावे, आणि खाली त्यांच्या मूळ नावाचं पहिलं अक्षर. मंजुरीवरच्या तारखेला सगळ्यात जास्त किंमत, कारण एकाच जागेवर दोघांचे कागद निघाले तर आधीची तारीख जिंकते. मग नोंदवहीत उतरवणं, शिशाच्या मुद्रेचा हुकूम लिहून घेणं, प्रत्येक खिडकीवर फी. उत्पन्न २४ फ्लोरिनच्या वर असेल तर पहिल्या वर्षाच्या उत्पन्नाचा अर्धा वाटा पोपच्या खजिन्याला देण्याचं बंधन. एवढं करून हातात येतो तो नुसता हक्क. प्रत्यक्ष ताबा जागेवर जाऊन घ्यायचा, आणि गायक तर शेकडो कोस लांब, म्हणून मुखत्यार नेमायचा. ड्युफेला कांब्रेची जागा १४३६ मध्ये, पोपच्या सेवेत असताना मिळाली. तो तिथे राहायला गेला १४३९ मध्ये.

याहून नाजूक कागद म्हणजे पुढची रिकामी होणारी जागा आपल्याला मिळावी अशी आगाऊ मंजुरी. नवा पोप आला की राजे आपल्या सेवकांच्या लांबलचक याद्या पाठवत आणि त्यांत गायकांची नावं असत. अडचण अशी की एकाच चर्चच्या पुढच्या जागेवर अनेकांना मंजुरी मिळालेली असे. जागा रिकामी झाल्याचं कळल्यापासून एका महिन्यात ती स्वीकारल्याची नोंद केली नाही तर हक्क गेला. त्यामुळे ज्याचा स्थानिक माणूस जागरूक तो जिंके. उरलेले रोमच्या कोर्टात खटले लढवत. ते वर्षानुवर्षं चालत आणि बऱ्याचदा एकाने जागा घ्यायची, दुसऱ्याला तिच्यातून वार्षिक पेन्शन द्यायचं, अशा तडजोडीत संपत. कॅनन लॉची पदवी इथे कामी येते. ज्याला स्वतःचा अर्ज वाचता येतो त्याला वकील फसवू शकत नाही.

आणखी एक बारकावा पगाराइतकाच महत्त्वाचा. प्रेबेंडचं मूळ उत्पन्न दरबारच्या सेवेसाठी गैरहजर असलेल्यालाही मिळण्याची सूट असे, पण रोजच्या उपासनेला हजर राहणाऱ्यांत वाटला जाणारा भाग फक्त हजर असणाऱ्याचा. काही चर्चमध्ये तो भागच मोठा. शिवाय सुरुवातीला ठरावीक काळ सलग राहिल्याशिवाय मूळ उत्पन्नही सुरू होत नसे. चार ठिकाणी चार वृत्त्या कागदावर भक्कम दिसतात. बदली व्हिकारचा पगार, मुखत्याराचा मेहनताना आणि न मिळणारे हजेरीचे वाटे वजा केले की चित्र बरंच उतरतं. म्हणून शहाणे गायक पांगलेल्या वृत्त्या अदलाबदल करून एका भागात गोळा करत.

इटलीच्या ड्यूकना हाच धागा पकडून उत्तरेचे गायक टिकवावे लागत. ओब्रेख्त १४८७ मध्ये फेराराला आला. एर्कोलेने त्याच्यासाठी पोपकडे वृत्तीचा प्रयत्न केला, तो जमला नाही, आणि दुसऱ्या वर्षी ओब्रेख्त ब्रुझला परतला. एर्कोलेला त्याचं संगीत मनापासून आवडत होतं, तरी तो थांबला नाही.

हे सगळं एका आयुष्यावर किती टेकलेलं होतं ते आश्रयदात्याच्या मृत्यूने कळे. २६ डिसेंबर १४७६ ला मिलानमध्ये गालेआत्सो मारियाचा खून झाला आणि इतक्या मेहनतीने जमवलेलं, चाळीसच्या आसपास गायकांचं चॅपल पांगलं. १५०३ मध्ये प्लेग आला आणि पुढच्या वर्षी जोस्कँ फेरारा सोडून उत्तरेला गेला. त्याच्या जागी ओब्रेख्त आला. १५०५ च्या जानेवारीत एर्कोले वारला, ओब्रेख्तची नोकरी गेली आणि त्याच वर्षी त्याच शहरात प्लेगने त्याचा अंत झाला. १५०६ मध्ये बर्गंडीचा फिलिप जहाजांनी स्पेनला निघाला, वादळाने ताफा इंग्लंडला फेकला, तिथे एप्रिलपर्यंत अडकून पडावं लागलं. त्या ऑगस्टमध्ये त्याचा गायक अलेक्सांडर अग्रिकोला वायादोलिदजवळ तापाने गेला आणि सप्टेंबरमध्ये बुर्गोसला खुद्द फिलिप. पियेर द ला र्यू आणि आणखी काही गायक फिलिपची विधवा राणी हुआना हिच्या पदरी १५०८ पर्यंत राहिले, मग घरी परतले. ला र्यूच्या नावावर कोर्ट्राइकची वृत्ती होती. १५१६ मध्ये तो तिथेच निवृत्त झाला आणि १५१८ मध्ये तिथेच वारला.

वागणुकीनेही घात होई. ब्युन्वाने तरुणपणी तूरमध्ये एका धर्मगुरूला मारहाण केली, बहिष्कृत झाला आणि त्या अवस्थेतही मिस्सा गायला. १४६१ मध्ये पोपची माफी मिळवावी लागली. माफी मिळाली नसती तर चार्ल्सच्या चॅपलची पायरी त्याला चढता आली नसती. परवानगीशिवाय निघून जाणं हा दुसरा गुन्हा. अग्रिकोला फ्रान्सच्या चॅपलमधून असा निघून गेल्यावर आठव्या शार्लने त्याला परत पाठवा म्हणून फ्लॉरेन्सच्या मेदिचींना लिहिलं होतं.

ज्यांचं जमलं त्यांचा शेवट सुरक्षित असे. बँश्वा १४५३ मध्ये दरबार सोडून स्वान्यीच्या चर्चचा प्रोव्होस्ट, म्हणजे प्रमुख, झाला. ओकेगेम तीन फ्रेंच राजांच्या सेवेत होता आणि १४५९ पासून तूरच्या सँ-मार्तँचा खजिनदार, म्हणजे रोकड असलेलं पद. जोस्कँ काँदेचा प्रोव्होस्ट म्हणून १५२१ मध्ये वारला. मृत्युपत्रात ही मंडळी पैसे बाजूला ठेवत ते स्वतःच्या पुण्यतिथीच्या गायनासाठी: मुद्दल किंवा जमीन चर्चच्या नावे करायची आणि व्याजातून दरवर्षी हजर गायकांना ठरलेला वाटा. जोस्कँने तर गावाची मिरवणूक आपल्या घरापुढे थांबावी आणि तिथे आपलीच ‘पातेर नोस्तेर’ गायली जावी याची तरतूद केली. ड्युफेला आपल्या मृत्युशय्येपाशी स्वतःचं ‘आवे रेजिना’ हे गीत हवं होतं. वेळ पुरला नाही, ते नंतर गायलं गेलं.

१५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने आगाऊ मंजुऱ्या रद्द केल्या आणि आत्म्यांची काळजी असलेल्या पदांवर राहण्याची सक्ती कडक केली. दुसरी वाट तोवर दिसू लागलीच होती. ओर्लांदो दि लासो १५५६ मध्ये म्युनिकच्या चॅपलमध्ये आला, १५५८ मध्ये त्याने रेगिना वेकिंगरशी लग्न केलं आणि ड्यूकच्या रोख पगारावर चॅपलचा प्रमुख झाला. त्याचे मुलगे फर्डिनांड आणि रूडॉल्फ पुढे त्याच चॅपलमध्ये नोकरीला लागले.